सभासदांचा कल विचारात घेऊन

चीफ मंडळाचे अध्यक्ष होणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. फक्त त्यांच्या बायकोला ते नको होतं, आणि आम्हाला हे कळलं तेव्हा वेळ निघून गेली होती.

ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट, सिंगापूरची. आमचं मंडळ म्हणजे काही मोठी संस्था नव्हती. क्लेमेंटी, बुओना व्हिस्टा आणि क्वीन्सटाउन या तीन वस्त्यांमधली मराठी घरं सणावाराला एकत्र यायची, एवढंच. त्यात दोन तऱ्हेची माणसं होती. आधी आलेली ती बोटीवरची: मरीन इंजिनिअर, जहाजांच्या दुरुस्त्या बघणारे, बंदरात कामाला असलेले. आणि मागून आलेलो आम्ही, पुण्या-मुंबईहून कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी एम्प्लॉयमेंट पासवर आलेलो. बोटवाले मोठ्यानं बोलायचे, मोठ्यानं हसायचे. कॉम्प्युटरवाले हळू बोलायचे आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस आहे म्हणून लवकर निघायचे. भांडण असं नव्हतं, पण जेवताना टेबलं आपोआप वेगळी पडायची.

चीफ मात्र कुठल्याही टेबलावर बसायचे. मूळचे देवगडकडचे. जहाजांवर चीफ इंजिनिअर म्हणून उमेदीची सगळी वर्षं काढली, मग किनाऱ्यावरची नोकरी घेतली आणि क्वीन्सटाउनच्या एका जुन्या ब्लॉकमध्ये राहायला आले. माझ्या वयाच्या बायका त्यांना समोर काका म्हणायच्या, पण पाठीमागे सगळ्यांचे ते चीफच. मी नवीन असताना मुलगी तापानं फणफणली होती आणि नवरा कामासाठी जकार्ताला गेलेला. कुणाकडून तरी त्यांना कळलं. काका आणि काकू दारात येऊन उभे. काका म्हणाले, "टॅक्सी खाली थांबवलीय. पोरीला शालीत गुंडाळ आणि चल." माझी त्यांची तोवर ओळखसुद्धा नव्हती. बोटीवर वारलेल्या एका मालवणी खलाशाला गावी पाठवायचं होतं, तेव्हा हे गृहस्थ कामावर रजा टाकून कचेऱ्यांमधून हिंडत होते. अशी एखादी तरी गोष्ट प्रत्येक घराकडे होती.

अध्यक्ष निवडायची आमची पद्धत जरा वेगळी होती. ती आणली होती उपाध्यक्षांनी. हे अमेरिकेत बरीच वर्षं राहून आलेले, सायन्स पार्कमधल्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. तिकडच्या राजकारणाचं त्यांना विलक्षण वेड. त्या वर्षी अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी कुणाला द्यायची यासाठी राज्याराज्यांत मतदान चालू होतं, आणि कुठे कोण पुढे गेलं ते आम्ही विचारलं नाही तरी ते सांगायचे. मंडळाचे नियम लिहायची वेळ आली तेव्हा त्यांनी तोच नमुना उतरवला. तिन्ही वस्त्यांनी आपापल्या बैठका घ्यायच्या, अध्यक्ष कोण हवा ते हात वर करून सांगायचं, आणि मग सात जणांच्या कार्यकारिणीनं ‘सभासदांचा कल विचारात घेऊन’ निवड करायची.

मी कार्यकारिणीची चिटणीस होते. नियम टाइप करता करता मी त्यांना विचारलं होतं, "विचारात घेऊन म्हणजे काय? लोकांनी सांगितलं तेच करायचं ना?"

"शंभरातल्या नव्याण्णव वेळा तेच," ते म्हणाले. "पण नियमात थोडी जागा ठेवलेली बरी. तिकडेही एका मोठ्या पक्षात हीच रीत आहे. लोकांनी निवडून पाठवलेले प्रतिनिधी असतात आणि त्यांच्या जोडीला पक्षातली काही जुनी, जाणती माणसं असतात. त्या माणसांवर लोकांच्या मताचं बंधन नसतं. त्यांना योग्य वाटेल त्याला ती मत देतात."

"मग लोकांना विचारायचं तरी कशाला?"

"लोकांना माणूस समोरून दिसतो. जवळच्यांना तो आतून माहीत असतो. कधी गाडी भलतीकडे चालली तर ब्रेक लावायला कुणीतरी हवं की नको?"

मला ते पटलं नव्हतं, पण वाद घालावा इतकं महत्त्वाचंही वाटलं नव्हतं. आमच्यासारख्या पासवरच्या माणसांना त्या देशात कशातच मत नव्हतं. सिंगापूरसुद्धा आपला राष्ट्राध्यक्ष पहिल्यांदाच लोकांच्या मतांनी निवडायच्या तयारीत होतं, पण ते आम्ही पेपरात वाचायचो. भारतात मत होतं, तर तिथे आम्ही नव्हतो. त्यामुळे असेल, वस्तीच्या बैठकीत हात वर करणं लोकांनी फार मनावर घेतलं. क्लेमेंटीच्या बैठकीला तर म्हणे लोक इस्त्रीचे कपडे घालून आले होते.

नावं दोनच होती. एक मॅनेजर, एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागातले, नीटनेटके, अबोल, शब्दाचे पक्के. दुसरे चीफ. चीफनी स्वतः नाव दिलं नव्हतं. ते पुढे केलं सेकंडनं. सेकंड म्हणजे सेकंड इंजिनिअर, चाळिशीला टेकलेला, चीफच्या हाताखाली बोटीवर तयार झालेला. बोट सुटली की महिनोन् महिने गायब आणि परत आला की सुट्टीभर चीफच्या घरी मुक्काम. तोही कार्यकारिणीत होता.

बुओना व्हिस्टाची बैठक आमच्याच फ्लॅटमध्ये झाली. मॅनेजर चार वाक्यं बोलून बसले. मग चीफ उभे राहिले आणि त्यांनी एक किस्सा सांगितला. हिंदी महासागरात बोटीचं इंजिन बंद पडलं, कॅप्टन वरून ओरडतोय, आणि खाली एक पोरगा घाबरून विष्णुसहस्रनाम म्हणत होता, त्याला चीफ म्हणाले, "अरे, देवाला बोलावतोयस ते ठीक, पण आधी तो व्हॉल्व्ह बंद कर." लोक पोट धरून हसले. हसणं ओसरलं, चीफनी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, "एकदा काय झालं, हिंदी महासागरात आमच्या बोटीचं इंजिन बंद पडलं..." आणि तोच किस्सा जसाच्या तसा पुन्हा सांगितला. लोक आधीपेक्षा जास्त हसले. सेकंड ओरडला, "वन्स मोअर!" मीही हसले. काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि मी आधीच धुऊन ठेवलेले कप पुन्हा धुवायला लागल्या.

तिन्ही वस्त्यांनी चीफना पसंत केलं. बुओना व्हिस्टाला तर अर्ध्याहून जास्त घरं कॉम्प्युटरवाल्यांची होती, तरीही.

त्यानंतर लगेचच काकूंचा फोन आला. क्वीन्सटाउनच्या मार्केटमध्ये भाजीला येशील का म्हणाल्या. मी गेले. भाजी त्यांनी घेतलीच नाही. शेजारच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांसमोरच्या एका टेबलावर, आम्ही कॉफी घेऊन बसलो. पंखे गरगरत होते, आजूबाजूला चिनी म्हातारे वर्तमानपत्रं वाचत बसलेले.

"यांना अध्यक्ष करू नका," काकू म्हणाल्या.

मला वाटलं संकोचानं म्हणतायत. मी म्हटलं, "अहो काकू, सगळ्यांनी एकमुखानं..."

"ऐक माझं. नोकरी सोडली म्हणून सांगतात ना, ती सोडलेली नाही. कंपनीनं जा म्हणून सांगितलं. दोन बोटींचे कागद अदलाबदल केले यांनी. मागच्या महिन्यात एमआरटीच्या गाडीत बसून घरी यायला निघाले ते बुओना व्हिस्टाला उतरून बाकावर बसून राहिले. स्टेशनवरच्या माणसानं खिशातलं कार्ड बघून फोन केला. मी गेले तर मला म्हणतात, तुम्ही कशाला त्रास घेतलात?" काकू थांबल्या. "मला ‘तुम्ही’ म्हणाले गं."

डॉक्टरांना दाखवलं होतं. स्मृती जात राहणार, कमी-जास्त वेगानं, पण परत येणार नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. डिमेन्शिया हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा कुणाच्या तोंडून ऐकला.

"काकांना माहीत आहे?"

"सकाळी माहीत असतं. संध्याकाळी नसतं." त्यांनी कप बाजूला सारला. "स्टेजवर उभे राहून बोलायचं, हिशेब, पाहुणे, भाषणं... चारचौघांत हसं होईल त्यांचं. इतकी वर्षं मान राखून राहिलेला माणूस आहे. कार्यकारिणीला सांग, माझी हरकत नाही. पण बाहेर एक अक्षर जाता कामा नये. आणि यांना तर कधीच कळू नये की मी सांगितलं. माझी शपथ घे."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि कबूल केलं.

कार्यकारिणी रविवारी दुपारी उपाध्यक्षांच्या घरी जमली. मी सांगितलं. उपाध्यक्ष ‘मी म्हणत नव्हतो?’ असं काहीतरी म्हणतील असं मला वाटलं होतं. ते तसं काही म्हणाले नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवत ते म्हणाले, "तो नियम लिहिला तेव्हा माझ्या डोक्यात कुणी लबाड माणूस होता. चीफ नव्हते."

सेकंडचा चेहरा लाल झाला होता. "नियम बाजूला ठेवा. लोकांनी त्यांना निवडलंय. तीन बैठका झाल्या. आता आपण सात जण बंद दाराआड बसून ते फिरवणार?"

"लोकांना हे माहीत नव्हतं," कुणीतरी म्हणालं.

"मग सांगा त्यांना! सांगा आणि पुन्हा विचारा. बघू काय म्हणतात."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "काकूंनी शब्द घेतलाय. बाहेर जाणार नाही या अटीवरच त्यांनी सांगितलं."

"मग कुणाला काही न सांगता त्यांना अध्यक्ष करू या. मी उभा राहीन त्यांच्या शेजारी. भाषण मी लिहीन, चार ओळी वाचायच्या, बस्स. बोटीवर कॅप्टन आजारी पडला म्हणून कुणी त्याला समुद्रात फेकत नाही."

उपाध्यक्षांनी विचारलं, "आणि तू बोटीवर गेलास की?"

"तेव्हा तुम्ही असाल की."

सेकंडनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला काय समजायचं ते समजलं.

मतं घेतली. सेकंड आणि क्वीन्सटाउनचे आणखी एक गृहस्थ चीफच्या बाजूनं, बाकीचे सगळे मॅनेजरच्या. मी काकूंच्या म्हणण्याप्रमाणे मत दिलं. बरोबर केलं असं मी म्हणत नाही आणि चूक केली असंही म्हणत नाही. ज्या बाईचा नवरा होता तिनं हात धरून मागणं मागितलं होतं, आणि माझ्याच्यानं ते मोडवलं नाही.

मॅनेजरनाही खरं कारण कळू द्यायचं नव्हतं. ते बिचारे आमच्या घरी आले आणि सोफ्याच्या कडेला बसून म्हणाले, "मला हे नको आहे. लोकांनी त्यांना मागितलं. मी लोकांना कोणत्या तोंडानं भेटू?" शेवटी उपाध्यक्षांनी त्यांना मंडळाच्या भल्याची शपथ घातली आणि ते तयार झाले.

गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात हॉलमध्ये उपाध्यक्षांनी नाव जाहीर केलं. आधी लोकांना वाटलं की ते चुकून दुसरं नाव वाचतायत. मग मागून आवाज आला, "काय थट्टा आहे का?" क्लेमेंटीच्या एक बाई, माझ्या चांगल्या ओळखीच्या, उभ्या राहून म्हणाल्या, "आम्हाला कामं टाकून बोलावलं, हात वर करायला लावले, ते कशासाठी? ठरवलंच होतं तर तसं सांगायचं." बोटवाल्यांच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं, "कॉम्प्युटरवाल्यांना बोटवाला अध्यक्ष चालत नाही, सरळ सांगा!" उपाध्यक्ष म्हणत राहिले, "कार्यकारिणीनं सर्व बाजूंचा विचार करून..." आणि ते वाक्य त्यांना एकदाही पूर्ण करता आलं नाही. मॅनेजर हातातला हार तसाच धरून उभे होते.

तेवढ्यात चीफ उठले. त्या दिवशी त्यांचं डोकं स्वच्छ होतं. म्हणाले, "खाली बसा सगळे. सणाचा दिवस आहे. कार्यकारिणीतली माणसं आपलीच आहेत. त्यांना काही माहीत असेल, जे आपल्याला माहीत नाही." आणि पुढे होऊन त्यांनी मॅनेजरच्या हातातला हार घेतला आणि त्यांच्याच गळ्यात घातला. काकू समोरच्या ताटाकडे बघत बसल्या होत्या. पुरी तशीच, श्रीखंड तसंच. बोटवाल्यांची सहा-सात कुटुंबं न जेवता निघून गेली.

पुढचे काही महिने चीफ संध्याकाळी फिरायला म्हणून बुओना व्हिस्टा स्टेशनपर्यंत यायचे. काकू थोडं अंतर ठेवून मागे असायच्या. मी ऑफिसातून येऊन गाडीतून उतरले की जिन्याखाली भेटायचे. "मुली, एक विचारू? माझं काही चुकलं का?"

"नाही हो काका."

"मग कुणी काही सांगितलं का माझ्याबद्दल?"

"नाही, काका. तसं काही नाही."

"नाही ना? मग ठीक." पाठीवर थोपटून ते जायचे. चार-पाच दिवसांनी पुन्हा तेच, त्याच शब्दांत. नंतर नंतर ते माझ्या मुलीचं नाव विसरले, स्वतःच्या ब्लॉकचा नंबर विसरले, पण हा प्रश्न विसरले नाहीत. कितीतरी गोष्टी त्या डोक्यातून वाहून गेल्या आणि नेमकं हे एक तिथे रुतून बसलं. काकू मागून माझ्याकडे बघायच्या.

घरात ते जेवेनासे झाले. दाढी करायला सांगावं लागायचं. काकू मला म्हणाल्या, "हसं होऊ नये म्हणून थांबवलं, आणि बघ, हसायचेच बंद झाले."

सेकंडनं पाडव्यानंतर लगेच राजीनामा दिला होता. बोटवाल्या घरांना धरून त्यानं क्वीन्सटाउनला वेगळा गणपती बसवायचं ठरवलं आणि चीफना अध्यक्ष केलं. तिथे कार्यकारिणी नव्हती, कल नव्हता. सगळ्यांनी हात वर केले आणि झालं. मी त्याला गाठलं. म्हटलं, "तुला सगळं माहीत आहे आणि तरी?"

"मी कुणाला कारण सांगितलेलं नाही. तो शब्द मीही पाळतोय," तो म्हणाला. "पण त्यांचं जे होतं ते त्यांना परत द्यायचं. मी शेजारी आहे. एक क्षण हलणार नाही."

काकूंनी नाही म्हणायला हवं होतं असं वाटेल. पण नव्या मंडळाची माणसं घरी आली त्या दिवशी चीफनी स्वतःहून दाढी केली होती आणि काकूंना आमटीला फोडणी कमी पडली म्हणून टोकलं होतं. काकू म्हणाल्या, "मला तेवढंच दिसलं गं. हो म्हणून बसले."

गणपतीच्या तोंडावर सेकंडला कंपनीचा निरोप आला. बंदरात एक बोट उभी होती, तिच्यावरचा इंजिनिअर आजारी पडून हॉस्पिटलात गेला होता, आणि दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. नाही म्हणायची सोय नव्हती. त्यानं मला ऑफिसात फोन केला. "तुम्ही जा. मला माहीत आहे, तिथे तुमचं स्वागत होणार नाही. तरी जा. त्यांना बोलायला उभं करू देऊ नका. मी सांगून ठेवलंय, पण कारण सांगता येत नाही ना, लोक ऐकत नाहीत."

मी गेले. ब्लॉकखालची मोकळी जागा असते तिथे, व्हॉइड डेक म्हणतात, तिथेच मखर घातलं होतं. सतरंज्या, समया, टेपवर सनई. पलीकडच्या दगडी बाकांवर चिनी शेजारी कौतुकानं बघत बसलेले. मला पाहून दोन-तीन बायकांनी तोंडं फिरवली. एकजण म्हणाला, "तुमचा गणपती त्या बाजूला ना?" मी मागे खांबाशी जाऊन बसले. काकूंनी मला लांबून पाहिलं, पण त्या पुढे, चीफच्या शेजारी होत्या, आणि मधे सगळी गर्दी.

आरती झाल्यावर लोक म्हणू लागले, "चीफ, दोन शब्द!" काकू म्हणाल्या, "घसा बसलाय त्यांचा." कुणी ऐकलं नाही. टाळ्या सुरू झाल्या. चीफ उभे राहिले, त्यांनी हात जोडले आणि छान सुरुवात केली. "बंधू-भगिनींनो, तुम्ही मला..." मग थांबले. मखराकडे पाहिलं, वरच्या ट्यूबलाइटकडे पाहिलं. कुणीतरी टेप बंद केला, आणि एकदम शांत झालं. त्या शांततेनंच बहुतेक सगळं बिघडलं.

"इंजिन कुणी बंद केलं?" चीफ म्हणाले. लोक हसले, त्यांना किस्सा येणार असं वाटलं. "इंजिन कुणी बंद केलं? मी विचारतोय!" आता आवाज चढला होता. काकू उठून त्यांचा दंड धरायला गेल्या. त्यांनी तो हात इतक्या जोरात झटकला की काकू समोरच्या आरतीच्या तबकावर कोसळल्या. तूप सांडलं, निरांजन घरंगळत सतरंजीवर गेलं. चीफ त्यांच्याकडे बोट दाखवून ओरडले, "या बाईला खाली कुणी येऊ दिलं? बाहेर काढा हिला!"

कुणीच हसत नव्हतं. एक लहान मुलगी रडायला लागली. दोघा-तिघांनी चीफना धरलं, तसे ते घाबरले आणि अंग चोरून खांबाला टेकून उभे राहिले, एखाद्या अनोळखी घरात आल्यासारखे सगळ्यांकडे बघत. त्यांचा पायजमा ओला झाला होता.

सर्वांत मोठ्यानं टाळ्या वाजवणारा गृहस्थ माझ्याकडे वळला. "तुम्हाला माहीत होतं. म्हणून केलं ना तुम्ही ते? आणि आम्हाला सांगितलं नाहीत?"

मी तोंड उघडणार तोच काकू उठून उभ्या राहिल्या. कोपराला तूप, कुंकू, साडीला काजळी. "तिला काही विचारू नका. मी सांगू दिलं नाही. मी," त्या म्हणाल्या, आणि पदरानं नवऱ्याचं तोंड पुसायला गेल्या.

आठवडाभर लोकांनी डबे पोचवले. पाडव्याला ओरडणारे, ताटावरून उठून गेलेले, सगळे येऊन बसले. मग हळूहळू येणं कमी झालं. चीफना अनोळखी माणसांची भीती वाटायला लागली होती आणि आता बहुतेक सगळीच माणसं अनोळखी होती. वर्ष संपायच्या आत त्यांनी फ्लॅट आवरला आणि देवगडला जायचं ठरवलं. तिथे दीर होते, घर होतं.

मी सामान बांधायला मदत करायला गेले होते. चीफ खिडकीशी खुर्चीत बसलेले, आम्हाला पाठमोरे. काकू पितळेची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या.

"तुझ्यावर माझा राग नाही," त्या म्हणाल्या. "तू मी सांगितलं तसं केलंस. पण रोज मनात येतं. तेव्हा सरळ लोकांना सांगितलं असतं, हे असं असं आहे, तर काय झालं असतं? कदाचित म्हणाले असते, असू दे, आम्हाला तेच हवेत, आम्ही सांभाळू. सांभाळलंही असतं. का नसतं? कुणी हसलं का त्या दिवशी?"

"नाही."

"नाही ना. मी त्यांच्यावर तेवढा भरवसाच ठेवला नाही." त्यांनी एक तांब्या गुंडाळला, परत सोडला, परत गुंडाळला. "किंवा नसतं सांभाळलं. चार दिवस केलं असतं आणि मग कंटाळले असते. कोण सांगणार?"

सेकंड परत आला तेव्हा त्या फ्लॅटमध्ये एक मलय कुटुंब राहायला आलं होतं. मी त्याला अलेक्झांड्रा रोडवरच्या एका हॉटेलात भेटले आणि सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "मी असतो तर टेप बंद करू दिला नसता." मग पुष्कळ वेळ टेबलावरच्या पाण्यात बोट फिरवत बसला. तो पुढे देवगडला जाऊन आला. चीफनी त्याला ओळखलं नाही, पण हाताला धरून शेजारी बसवून घेतलं, आणि उठू दिलं नाही असं त्यानं सांगितलं. त्यानंतर दीडेक वर्षानं चीफ गेले.

आमच्या मंडळाचं म्हणाल तर मॅनेजरनी काम चोख केलं. कार्यक्रम वेळेवर सुरू व्हायचे, वेळेवर संपायचे, आणि अर्धा हॉल रिकामा असायचा. त्यांनी दुसऱ्या वर्षी पद सोडलं आणि पुढे बदली होऊन दुसऱ्या देशात गेले. कारण त्यांना नंतर सगळ्यांबरोबरच कळलं होतं. ते मला म्हणाले, "निदान मला तरी सांगायचं होतंत. मी त्या दिवशी हार घालून घेतला नसता."

उपाध्यक्षांनी स्वतः नियम बदलायचा ठराव आणला: वस्त्यांनी जो निवडला तोच अध्यक्ष, कार्यकारिणीनं फक्त जाहीर करायचं. त्या सभेला थोडीच माणसं होती, बरीचशी नवीन. एका तरुण मुलीनं विचारलं, "पण समजा लोकांना एखादी गोष्ट माहीतच नसली तर?" "तर ती सांगायची," उपाध्यक्ष म्हणाले. "आणि सांगता येत नसली तर?" तिनं विचारलं. त्यांनी ठराव मताला टाकला. मी हात वर केला, त्यांनीही केला, आणि तो मंजूर झाला. त्या वर्षी अध्यक्षपदासाठी कुणी नावच दिलं नाही, म्हणून बैठका घ्याव्या लागल्या नाहीत.